मिल्का सिस्टरची दहा माणसं

शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी मिल्का सिस्टर आपल्या दारात उभ्या राहायच्या आणि येणाऱ्या प्रत्येक बाप्याला सांगायच्या, "हा कर." समोरचा कितीही मोठा असो, त्याला वाकून, तोंड उघडून त्यांच्या तोंडासमोर श्वास सोडावा लागे. सिस्टर उंचीने जेमतेम, त्यात पाठीला बाक आलेला. त्या डोळे मिटून घेत, जरा थांबत आणि निकाल देत. "ये आत." नाहीतर, "दुपारची हाय. जा घरी, पुढल्या शुक्रवारी ये." यावर अपील नव्हतं. एकदा एक जण वेलदोडे चघळत आला, तर त्याला म्हणाल्या, "इलायची मला कशाला दाखवायलास? तिच्यामागं कोण लपलंय ते सांग." तो गुमान मागे फिरला.

हे नाक त्यांनी नोकरीत कमावलं होतं. सगळी हयात सरकारी दवाखान्यात गेली. बेशुद्ध माणूस बैलगाडीतून, नंतर जीपमधून यायचा. सोबतचे नातेवाईक कधी खरं सांगायचे नाहीत. मग सिस्टर वाकून वास घ्यायच्या आणि फवारणीचं औषध पोटात गेलंय की नुसती दारू, ते सांगायच्या. त्यावर पुढची धावपळ ठरायची. "डोळ्याला फसवता येतं, नाकाला न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी निवृत्त होऊन त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा पहिल्याच दिवशी भिंतीपलीकडून हाक आली, "गुरुजी, तुमची डाळ लागली." आमची डाळ खरोखरच लागली होती.

सिस्टर यहुदी होत्या. आमच्या पूर्णेत यहुदी म्हणजे काय हे कुणाला माहीत असायचं कारण नाही. बेने इस्राएल म्हणतात ती कोकणातली माणसं. घरात मराठीच बोलायची, आडनावाच्या शेवटी आपल्यासारखंच 'कर' लावायची आणि शनिवारी कामाला हात लावायची नाहीत. सिस्टर लग्न होऊन पूर्णेला आल्या तेव्हा रेल्वेच्या क्वार्टरांत त्यांची चार-पाच घरं होती. सासऱ्यांनी स्टेशनजवळ हे घर बांधताना पुढची खोली मुद्दाम मोठी काढली, शुक्रवारच्या प्रार्थनेला सगळ्यांनी जमावं म्हणून. चौकटीवर तिरपी बसवलेली एक छोटी नळी, तिच्यात देवाच्या नावाचा कागद. आत पश्चिमेच्या भिंतीला सागवानी कपाट, त्यात त्यांच्या धर्माची गुंडाळलेली पोथी. पुढे कुणाची बदली झाली, कुणी मुंबईला गेलं, कुणी इस्राएलला. पोथी ठाण्याला पाठवून दिली. खोलीत रिकामं कपाट उरलं, आणि घरात सिस्टर आणि त्यांचे यजमान एझ्रासाहेब.

एझ्रासाहेब मालगाडीवर गार्ड होते. ड्यूटीवर कधी प्यायले नाहीत, आणि ड्यूटी नसताना कधी थांबले नाहीत. मूलबाळ नव्हतं. त्या रिकाम्या खोलीत, त्या कपाटासमोर खुर्ची टाकून ते प्यायचे आणि तिथेच गेले. सिस्टरनी त्यांच्या रीतीप्रमाणे सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसून काढले. आठव्या दिवशी त्यांनी ती खुर्ची बाहेर काढली, खोली धुतली, सतरंज्या टाकल्या आणि दवाखान्यातल्या ओळखीच्या दोन बेवड्यांना बोलावणं धाडलं. "रिकामी खोली माणसाला खाती, गुरुजी," त्या मला म्हणाल्या होत्या. "आमच्यात प्रार्थनेला धा बाप्ये लागत्यात. धा यहुदी आता मी कुठून आणू? पण धा बेवडे तर एका गल्लीत मिळत्यात."

मी विचारलं, "पण हे तुमच्या शास्त्राला चालतं का?"

"न्हाई चालत," त्या म्हणाल्या. "देव त्याचं त्यो मोजंल. मी धा मोजते."

आणि खरंच, दहा भरल्याशिवाय त्या सुरुवात करायच्या नाहीत. कुणी नापास होऊन परत गेला की गणती बिघडायची. मग भिंतीवर थाप पडायची आणि मी, आयुष्यात थेंब न घेतलेला जिल्हा परिषदेचा निवृत्त मास्तर, बेवड्यांत दहावा म्हणून जाऊन बसायचो. माझी जागा दाराजवळ. तिथून सगळ्यांची तोंडं दिसायची.

शुक्रवार अगदी साधा असायचा. काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर तेल, तेलात वात. सिस्टर पदर डोक्यावर घेऊन दिवा लावत, हात डोळ्यांवर धरून काहीतरी पुटपुटत. मग सरबत. बाकी जगातले यहुदी या वेळी द्राक्षाच्या दारूवर आशीर्वाद म्हणतात. कोकणातल्या या लोकांनी पिढ्यान् पिढ्या त्यासाठी काळ्या मनुकांचं सरबत केलं. गुरुवारी रात्री मनुका भिजवायच्या, शुक्रवारी दुपारी हाताने कुस्करून फडक्यातून गाळायच्या. "देवानं आमाला बिनदारूची सोय करून ठिवली व्हती, तरी आमचं माणूस दारूनंच गेलं," असं सिस्टर एकदाच म्हणाल्या, आणि ते म्हणताना हसल्या. खरं तर तो आशीर्वाद पुरुषाने म्हणायचा. त्या स्वतःच म्हणायच्या, सगळे 'आमेन' म्हणायचे आणि वाटीएवढा पेला प्रत्येकाच्या हाती यायचा. मला साखरेचा आजार, म्हणून मला सुट्टी. मग भाकरीचा मिठाला लावलेला तुकडा. आणि मग एकेकाने आपला आठवडा सांगायचा. फक्त आठवडा. कुणी आपल्या जुन्या पिण्याच्या गोष्टी रंगवायला लागला, की सिस्टर म्हणायच्या, "जुनं दुकान उघडू नगस." कुणी रडायला लागलं तरी पाठीवर हात नाही. "मी तुझी आई न्हाई, बाबा. मी ड्यूटीवर हाय."

गावाने त्या खोलीला बेवड्यांचं देऊळ असं नाव ठेवलं. कुणीतरी अर्ज केला की बाई लोकांना बाटवते. एक साहेब चौकशीला आले, सतरंजीवर बसले.

"तुम्ही ख्रिश्चन का?"

"न्हाई."

"मग मुसलमान?"

"न्हाई. दोगांच्याबी आधीच्या."

साहेबांनी डोकं खाजवलं. "मग या लोकांना तुम्ही कशात घेताय?"

"शुद्धीत," सिस्टर म्हणाल्या. साहेब चहा घेऊन गेले, परत आले नाहीत.

या दहांतला दिगंबर मला जास्त जवळचा. चुडाव्याचा गवंडी. हात इतका सरळ की ओळंबा लावायची गरज नाही, पण त्या हाताला संध्याकाळी ग्लास लागायचा. बायको अनिता दोन पोरं घेऊन माहेरी, राणीसावरगावला, निघून गेली होती. दिगंबर सिस्टरकडे यायला लागला, बरेच शुक्रवार एकदाही मागे फिरवला गेला नाही, तेव्हा सिस्टर स्वतः बस बदलत राणीसावरगावला गेल्या. मला सोबत नेलं होतं. ओसरीवर बसून अनिताला म्हणाल्या, "त्याच्या शब्दावर येऊ नगस. माझ्या नाकावर ये. दर शुक्रवारी मी त्याचा वास घेते. ज्या शुक्रवारी दारूचा आला, त्या शुक्रवारी तुला माझा सांगावा येईल, मग तू खुशाल जा."

अनिता आली. पहिल्या शुक्रवारी ती पोरांना घेऊन रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली, सिस्टर वास घेताना बघितलं, "ये आत" ऐकलं आणि मगच चुडाव्याची गाडी पकडायला गेली. त्या वर्षी सिस्टरनी दिगंबरसाठी मलिदा केला. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, वरून फळं; नवस फेडताना हे लोक करतात आणि एलिया नावाच्या आपल्या पैगंबराची आठवण काढतात. तो मेला नाही, कधीही कुणाच्याही रूपात दारी येतो, अशी त्यांची श्रद्धा. दिगंबरने विचारलं, "बेवड्याच्या रूपात आला तर वं?" सिस्टर म्हणाल्या, "तर बी 'हा कर' म्हणीन." सगळे हसले. अनिता तर पदर तोंडाला लावून हसली. त्या बाईला मी त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सिस्टर आजारी पडल्या. परभणीला बरेच दिवस ऑक्सिजनवर होत्या. सुटून आल्या तेव्हा निम्म्या झाल्या होत्या, पण आल्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा दारात उभ्या. "हा कर." डोळे मात्र आता उघडे. "ये आत." सगळं पहिल्यासारखं सुरू झालं असं मला वाटलं. फक्त आता कुणालाच मागे फिरवलं जात नव्हतं आणि माझ्या भिंतीवर थाप पडायची बंद झाली होती. मी भाबडेपणाने त्यांचं अभिनंदन केलं. म्हटलं, "सिस्टर, आता सगळे सुधारले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विषय बदलला.

त्यांचं नाक गेलं होतं. दूध करपलेलं कळत नव्हतं, रॉकेल आणि गुलाबपाणी सारखंच. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. पण त्यांच्या माणसांना ते कळायला दोन-तीन शुक्रवार पुरले. पहिला शोध शिवलिंगआप्पांचा. आप्पा बाजारातले किराणा दुकानदार. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, बोलणं तुपातलं. एका शुक्रवारी दुपारी थोडी झाली होती, परत जायची तयारी ठेवून त्यांनी 'हा' केलं, तर सिस्टर म्हणाल्या, "ये आत." पुढच्या शुक्रवारी आप्पांनी मुद्दाम घेऊन पाहिलं. मग दुसऱ्याला सांगितलं. मग सगळ्यांना कळलं. आठ जण पिऊन येऊ लागले, दिव्यासमोर बसू लागले, 'आमेन' म्हणू लागले आणि आपापला कोरडा आठवडा सांगू लागले. नववा नुसता मधूनमधून घ्यायचा. दहावा दिगंबर, तेवढाच कोरडा. हे सगळं मला त्यानेच नंतर सांगितलं. मी दाराजवळ बसत होतो तोवर असं काही करायची कुणाची हिंमत नव्हती, आणि आता मला बोलावणंच नव्हतं.

"मग तू का गप्प बसलास?" मी दिगंबरला विचारलं.

"गुरुजी, बोललो असतो तर खोली बंद झाली असती. आन् खोली बंद म्हणजे अनिता गेली. ती माझ्यासंगट न्हाई नांदायली, ती सिस्टरच्या नाकासंगट नांदायलीय." मग म्हणाला, "मला तर ती खोली खरीच लागायची वं. बाकीचे पिऊन बसले तरी मला ती लागायची."

पुढचं झालं ते सिस्टरच्या दहाच्या हट्टापायी. पुढच्या उन्हाळ्यातल्या एका शुक्रवारी दुपारीच गावात मयत झाली, निम्मे लोक तिकडे गेले, दहा भरणार नाहीत हे दिसलं. सिस्टरनी सुरुवात केली नाही. आदल्या रात्री भिजवलेल्या मनुका मात्र तशाच राहिल्या. आशीर्वादासाठी काढलेली वस्तू टाकायची कशी? त्यांनी मडक्यावर फडकं बांधलं आणि ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवून दिलं. आमच्याकडचं ऊन, आठवडाभर ते मडकं उबेत. पूर्वीच्या सिस्टर दारातूनच ओरडल्या असत्या. या सिस्टरनी पुढच्या शुक्रवारी तेच कुस्करलं, गाळलं, चाखून पाहिलं, जिभेला आंबट लागलं म्हणून वरून साखर घातली.

त्या शुक्रवारी एक जण लग्नाला गेला होता, म्हणून बऱ्याच दिवसांनी भिंतीवर थाप पडली. मी माझ्या जागी बसलो. एक जण कमी म्हणजे मी येणार हे ओळखून त्या दिवशी सगळे कोरडेच आले होते, हेही मला नंतर कळलं. दिवा लागला, आशीर्वाद झाला, आमेन झालं. पेले फिरले. एरवी ही माणसं ते सरबत औषधासारखं गटकन पिऊन पेला खाली ठेवायची. त्या दिवशी पहिला घोट तोंडात गेला आणि कुणाचीच गिळायची घाई दिसेना. घोट तोंडात धरून सगळे खाली सतरंजीकडे बघत बसले. कुणी कुणाकडे बघितलं नाही. मग पेले रिकामे झाले, अगदी तळापर्यंत, आणि शिवलिंगआप्पा म्हणाले, "सिस्टर, आज लय झ्याक झालंय. आणीक हाय का?"

सिस्टरना किती बरं वाटलं! "मनुका आंबट निघाल्या म्हणून साखर जास्ती घातली," म्हणाल्या, आणि पुन्हा एकेकाला वाढत गेल्या. सगळ्यांनी पेले पुढे केले.

दिगंबरचा पहिलाच पेला भरलेला होता. तो ओठापर्यंत नेऊन त्याने खाली ठेवला होता. आप्पांनी कोपर मारलं. "पी की रे. परसाद हाय."

मला त्याचा चेहरा दिसत होता. ओठ कोरडे पडले होते. इतक्या वर्षांनी ती वस्तू नाकाखाली आली होती, आणि तीही आशीर्वाद होऊन, सिस्टरच्या हातून. प्यायला असता तर कुणी एक शब्द बोललं नसतं. त्याने पेला दोन्ही हातांनी दूर सारला आणि म्हणाला, "सिस्टर, हे आंबलंय. याची दारू झालीय."

सिस्टर हसल्या. "माज्या घरात? माज्या नाकासमोर?" आणि मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी तो पेला उचलून नाकाशी धरला. बराच वेळ धरला. खाली ठेवला. आप्पांसमोर गेल्या, वाकल्या. "हा कर." दोन पेले पोटात गेलेल्या आप्पांनी 'हा' केलं. मी दोन हातांवर होतो, मला वास आला. सिस्टरच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"तुमाला कळलं व्हतं," त्या म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

एकेकाने आपला रिकामा पेला मागे सरकवला.

"माजं नाक गेलंय, हे बी कळलं व्हतं."

आप्पा म्हणाले, "तुमाला वाईट वाटंल म्हणून सिस्टर, आमी..."

"मला!" सिस्टर म्हणाल्या. मग त्या भिंतीला धरून खाली बसल्या. शुक्रवारच्या बैठकीत त्यांना बसलेलं मी प्रथमच पाहत होतो. "मी बी खोटीच उभी व्हते म्हणा दारात. वास येत न्हवता, तुमच्या डोळ्यांत बघत व्हते. वाटलं, लाज तर दिसंल." त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "न्हाई दिसली."

त्यानंतर ती खोली पुन्हा भरली नाही. उरलेलं सरबत त्यांनी लिंबाच्या बुडाशी ओतलं. आणि दुसरं एक काम केलं, जे मी असतो तर केलं नसतं. अनिताला बोलावून घेतलं आणि खरं ते सांगितलं: माझं नाक गेलंय, केव्हाच गेलंय, माझ्या हमीवर आता राहू नकोस. दिगंबरने ते सरबत प्यायलं नाही, हेही सांगितलं. अनिताला त्यातलं पहिलंच ऐकू आलं. इतके दिवस कुणीच वास घेत नव्हतं, मग हा न पिता कसा राहिला असेल कोण जाणे, हा किडा तिच्या डोक्यात शिरला. ती स्वतःच रोज संध्याकाळी दारात त्याचा वास घ्यायला लागली, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर, पोरांसमोर. भांडणं व्हायला लागली. "न पिता बेवडा झालो, गुरुजी," तो मला म्हणाला. दिवाळीच्या सुमारास प्यायला. अनिता राणीसावरगावला गेली, ती गेलीच.

बाकीचे नऊ जण मजेत आहेत. आप्पा दुकानात बसून अजून सांगतात की चांगली चाललेली जागा त्या गवंड्याने बुडवली, म्हातारीचं मन मोडलं. लोक माना डोलावतात. मला त्या माणसाचा इतका संताप येतो की मी त्याच्या दुकानाची पायरी सोडली. अर्थात त्याने त्याचं काही बिघडलेलं नाही.

सिस्टरना मी दिगंबरचं सांगितलं नाही. दिगंबरनेच हात जोडले होते. सांगून काय झालं असतं? दहांतला एक तरी खरा निघाला, एवढं एकच त्यांच्याजवळ उरलं होतं. ते मी काढून घ्यायचं? मी नाही घेतलं, आणि त्याबद्दल मला काहीही वाटत नाही.

या उन्हाळ्यात त्यांचा ठाण्याचा भाचा बेनी त्यांना न्यायला आला. घर विकलं, तिथे मोबाइलचं दुकान होणार आहे. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. गावातलं दुसरं कुणी नव्हतं. गाडी यायच्या जरा आधी दिगंबर कुठून तरी आला. दाढी वाढलेली, सदऱ्याची गुंडी चुकलेली. तो पाणपोईपाशी होता तेव्हाच मला वास आला. त्याने न बोलता सिस्टरची ट्रंक खांद्यावर घेतली, डब्यात चढवली, खाली उतरला.

सिस्टर खिडकीशी बसल्या होत्या. त्यांचा चेहरा उजळला. "बेनी, ह्यो दिगंबर. मी फोनवर सांगायची न्हाई का, ह्योच. सगळे खोटे निघाले, पण ह्या पोरानं कधी माज्या तोंडाला काळं फासलं न्हाई." बेनी हात मिळवायला दाराशी आला होता. त्याने नाकाला रुमाल लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. तो शहाणा होता, गप्प बसला.

सिस्टरनी गजांतून हात बाहेर काढून दिगंबरच्या डोक्यावर ठेवला आणि त्यांच्या प्रार्थनेच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. तो वाकून उभा होता, त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर.

"आमेन तर म्हण," सिस्टर म्हणाल्या. "आन् बोल की रे काहीतरी. आता कवा भेट व्हायची?"

त्याने नुसती मान हलवली. त्यांना वास येत नाही हे सगळ्या पूर्णेला ठाऊक होतं, त्यालाही होतं. तरी तो ओठ गच्च मिटून, श्वास कोंडून तसाच उभा राहिला. गाडी हलली, सिस्टरचा हात त्याच्या डोक्यावरून निसटला, डबे एकामागून एक पुढे गेले, तरीही त्याने तोंड उघडलं नाही.